विकलेली पेन्शन

निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग एकरकमी घेता येतो; तेवढी पेन्शन दरमहा कमी मिळते आणि पंधरा वर्षांनी पुन्हा पूर्ण होते. कार्यालयीन भाषेत याला अंशराशीकरण म्हणतात. आम्हा अहमदपूरच्या शिक्षकांत मात्र शब्द एकच : पेन्शन विकणे.

माझे वडील आणि थोरले बंधू, दोघेही साठीनंतर फार जगले नाहीत. दोघांनाही हृदयाने दगा दिला. माझ्याही हृदयात नांदेडला स्टेंट बसला होता. पंधरा वर्षे आपल्या वाट्याला नाहीत, असे मी धरूनच चाललो. एकरकमी पैशात लातूरला पत्नीसाठी लहानसे घर बांधावे, पुढची खोली भाड्याने द्यावी. माझ्यामागे तिला आधार राहील आणि सोबतही, असे मनाशी ठरवले.

तिला तो शब्दच खटकला. "विकायला ती काय म्हैस हाय? अन् मरायची एवढी घाई कशाला करून राहिले तुम्ही?"

"घाई नाही. तुझी सोय करतो आहे."

"माझी सोय करायची तर जगा की गुमान!"

पेन्शन विकली. घर उभे राहिले. स्वयंपाकाचा ओटा मी तिच्या उंचीप्रमाणे बुटका करून घेतला. गवंडी म्हणाला, "सर, तुम्हाला लई वाकावं लागंल."

"मी कुठे तिथे उभा राहणार आहे?"

"ऐकलं का?" ती गवंड्याला म्हणाली, "जल्मभर आयता चहा प्यायची सोय केली यांनी."

काही वर्षे ती त्या ओट्यापाशी उभी राहिली. मग एका उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे दिसू लागले. कावीळ असेल, असे आम्ही समजलो. डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कर्करोग सांगितला. दिवाळी तिने पाहिली नाही. तिचेही आयुष्य कमी असू शकेल, हे माझ्या मनात कधी आलेच नव्हते.

गेल्या महिन्यात बँकेतल्या बाई हसून म्हणाल्या, "सर, विकलेली पेन्शन परत आली. पेढे पाहिजेत!" मी पेढे नेऊन दिले.

पुढच्या खोलीत शिकायला आलेल्या मुली भाड्याने राहतात. मला वाकून चहा करताना पाहून त्या म्हणतात, "आजोबा, ओटा उंच करून घ्या ना."

"घेऊ," असे मी म्हणतो. गवंड्याला मात्र अजून बोलावलेले नाही.