गहू काढला की गोल्फ

मी कॉलेजची लायब्रेरियन. पुस्तक बाहेर गेलं की परत येईल याची मला कधीच खात्री नसते. पण डी. के. सरांचा किस्सा बाहेर गेला की तो परत येतोच, आणि येताना लेकुरवाळा होऊन येतो! गेली अठरा वर्षं मी हे बघतेय. आता सांगून टाकते, नाहीतर माझ्या कपाटात जागा उरणार नाही.

डी. के. सर म्हणजे शहाद्याकडच्या आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक. शिकवतात काय, तर मुलींना गोल्फ. हसू नका, खरंच गोल्फ! मुलींचा संघ बाहेर निघाला की सोबत एक बाई लागते. त्या ‘लेडी मॅनेजर’ची माळ पहिल्याच वर्षी माझ्या गळ्यात पडली, ती अजून उतरलेली नाही.

सर यंदा मे महिन्यात रिटायर होणार. आणि जानेवारीतच नव्या प्राचार्यांनी सगळ्या स्टाफसमोर सांगून टाकलं, “अठरा वर्षांत एकही कप नाही. एप्रिलच्या स्पर्धेत कप आला तर ठीक, नाहीतर सरांबरोबर गोल्फही रिटायर!” सर चहा अर्धा ठेवून उठले. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये जुने किस्से पुन्हा सुरू झाले, कारण सगळ्यांनाच एकदम काहीतरी निसटतंय असं वाटायला लागलं होतं.

*

मुळात हे लचांड आलं कुठून? तर कोणी एक निवृत्त इंजिनिअर साहेब मुलाकडे परदेशी निघाले आणि जाताना गोल्फच्या काठ्यांच्या दोन बॅगा कॉलेजला भेट देऊन गेले. सर तेव्हा खो-खोचे कोच. त्यांनी एक काठी काढली, उलटसुलट बघितली आणि तडक माझ्याकडे आले.

“ताई, याचं पुस्तक आहे का?”

होतं! एकच, इंग्रजी, कोणीही न उघडलेलं. आम्ही दोघांनी डिक्शनरी घेऊन ते आठ दिवसांत वाचून काढलं. शेवटचं पान मिटून सर म्हणाले, “सोपं आहे. चेंडू मारायचा, त्याच्यामागं चालत जायचं, परत मारायचा, खड्ड्यात जाईपर्यंत. कमी फटके लागतील तो जिंकला. चालण्यात आपल्या पोरींना कोण हरवणार!”

*

मैदानाचं काय? सरांचं गाव कळसाडी. घरची शेती थोरले भाऊ बघतात, त्यांना सगळे आबा म्हणतात. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आबांनी एक पडीक तुकडा दिला. शेजारी कपाशी, अगदी फुटलेली.

पहिल्याच दिवशी मुलींनी दणादण मारले आणि वीसच्या वीस चेंडू कपाशीत! आता फुटलेल्या कापसात पांढरा चेंडू शोधून दाखवा! सहा मुली, सर आणि मी असे आठ जण ओळी धरून वाकलोय. तेवढ्यात आबा आले. कंबरेवर हात ठेवून म्हणाले, “कापूस येचाले बाया भेटतीस नही, आन् ह्या पोरी आठे गोया धुंडी ऱ्हायन्यात!”

आबांनी तोडगाही काढला. चेंडू शोधता शोधता कापूसही वेचायचा! संध्याकाळपर्यंत चार ओळी झाल्या. चेंडू सापडले एकोणीस.

विसावा सापडला सरकी काढायच्या जिनिंग मिलमध्ये. आबांचा कापूस ओतला आणि टणकन चेंडू बाहेर! व्यापारी तो हातात घेऊन शांतपणे म्हणाला, “का हो आबा, वजनाले दगड टाकानी रीत जुनी व्हयी गयी का?”

दुसऱ्या दिवसापासून आमचे सगळे चेंडू सरांनी गेरूत बुडवले.

*

नंतर जरा शहाणपण आलं. मार्चमध्ये गहू निघाला की सगळं रान मोकळं, ते पेरणीपर्यंत आमचं. एका स्पर्धेच्या फॉर्मवर रकाना होता, ‘होम कोर्स’. सरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, “कळसाडी. गहू काढल्यापासून पेरणीपर्यंत.”

त्या क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. फार अदबशीर माणूस. “सर, आपल्या कोर्सवर होल किती आहेत? नऊ की अठरा?”

सर म्हणाले, “उंदरांचे धरून सांगू की सोडून?”

*

आता तो निंदणीचा किस्सा. हा नीट ऐका.

पहिल्यांदाच आम्ही पुण्याकडच्या खऱ्याखुऱ्या क्लबवर गेलो. ते हिरवंगार गवत बघून माझे तर डोळेच निवले. आमची हेमा, कळसाडीचीच, घरी दहा एकर कपाशी. तिसऱ्या होलला तिचा चेंडू कडेच्या गवतात पडला. ती गेली, वाकली, चेंडूशेजारचा लव्हाळा दिसला, तो उपटला, माती झटकली, बाजूला टाकला आणि मग काठी हातात घेतली. पंच धावतच आले. चेंडूजवळ उगवलेलं काही उपटायचं नसतं. दोन फटक्यांची पेनल्टी!

“तू उपटलास कशाला?” सर ओरडले.

हेमा बिचारी रडकुंडीला आली. “सर, लव्हाया व्हता. दिसना, उपटी टाका.”

दिसला म्हणून उपटला, एवढंच! शेतातून चालताना तण दिसलं आणि हात खाली गेला नाही, असा माणूस आमच्या भागात जन्मायचाय! आणि तिनं उपटला तोही गाठीसकट. गाठ जमिनीत राहिली तर लव्हाळा परत येतो. पण सर शेवटी सर! मुलीवरचा राग गिळून ते पंचांकडे वळले, “साहेब, आमच्याकडं याची मजुरी देतात. तुम्ही दंड लावता?”

त्या दिवसापासून सरांनी नियम केला. मैदानावर चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. फक्त मारायच्या वेळी सोडायचे. जरा कोणी विसरली की लांबून अहिराणीत आरोळी यायची, “हात मांगे!” स्वतः सरही तसेच चालायचे. सर पुढे आणि मागे सहा मुली हात बांधून, ही आमची वरात बघायला दुसऱ्या कॉलेजची पोरं थांबायची.

*

तीन वर्षांपूर्वी जमुना आली. गाव मणिबेली, नर्मदेच्या काठावरचं. धरणाच्या पाण्यात बरंचसं बुडालेलं. होडीनं यायचं, मग जीपनं, मग एस.टी.नं. घरी भिली बोलणारी, वर्गात तोंडच न उघडणारी मुलगी. पण काठी हातात घेतली की चेंडू असा जायचा की आबा पेंडी बांधायचं सोडून बघत राहायचे!

दुसऱ्या वर्षीच्या स्पर्धेत तिचा चेंडू तळ्यात गेला. अशा वेळी नवा चेंडू घेऊन पुढे जातात. जमुना पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ आत! मी काठावरून ओरडतेय, “अगं, खोल असेल, बाहेर ये!”

ती कंबरभर पाण्यात उभी राहून म्हणाली, “मॅडम, आमचं जुनं घर होतं तिथं आता होडी चालते. हे तर डबकं आहे!”

खरं सांगते, त्या दिवशी मला ती मुलगी फार आवडली. पाच मिनिटांनी ती बाहेर आली ती टी-शर्टच्या ओच्यात अकरा चेंडू घेऊन. पंचांसमोर ओतले आणि विचारलं, “यातला एक आमचा आहे. बाकीचे दहा इथं कोणाला लागतात का?”

*

आणि हा यंदाचा, एप्रिलमधला.

दोन दिवसांची स्पर्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच होल उरलं होतं आणि जमुना पुढे होती! मी दोरीपाशी उभी राहून पदराचं टोक चावत होते. तिची बॅग धरायला आपलाच माणूस घेतला तरी चालत होतं. सर म्हणाले होते, “माझी शेवटची स्पर्धा. मीच धरतो.”

दुसऱ्या नंबरवरची पुण्याची मुलगी खेळून येऊन बसली होती. जमुनाचा चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीच्या, जरा बाहेर, गवतात. हिशेब सोपा होता. इथून चार फटक्यांत चेंडू होलमध्ये गेला की कप आमचा. चार! तिला दोन पुरले असते. मी तर मनात पेढे सांगूनही टाकले.

दोघं चेंडूपाशी पोचली. सरांच्या खांद्यावर ती भली मोठी बॅग, त्यामुळे हात मागे बांधलेले नव्हते. जमुना वाऱ्याचा अंदाज घेत होलकडे बघत होती. पंच पाणी पीत होते.

आणि मी बघितलं, सर वाकले. चेंडूशेजारून काहीतरी उपटलं. माती झटकली. मग हातातल्या त्या वस्तूकडे बघत तसेच उभे राहिले.

लव्हाळा. गाठीसकट!

खेळाडूची बॅग धरणाऱ्यानं उपटलं तरी पेनल्टी खेळाडूलाच. हे आम्ही दोघांनी त्याच पुस्तकात वाचलं होतं. सरांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी हळूच दुसरीकडे बघितलं. हो, बघितलं! लाज वाटते सांगायला, पण बघितलं. खिशात टाकला असता तर कोणाला कळणार होतं?

सरांनी हात वर केला. “पंच!”

पंच आले. “बोला. कोणाची तक्रार आहे?”

“माझी.”

“कोणाविरुद्ध?”

“माझ्याविरुद्ध.” आणि सरांनी तो लव्हाळा त्यांच्या हातावर ठेवला.

दोन फटके गेले. उरले दोन. सरांचा चेहरा पांढराफटक. अठरा वर्षं, मे महिना, प्राचार्य, सगळं एका गवतात! जमुनाला म्हणाले, “पोरी, चूक मन्ही शे.”

जमुनानं काठीनं चेंडू हलकेच वर उडवला. तो ग्रीनवर पडला, घरंगळला, होलपासून आठ-दहा फुटांवर थांबला. उरला एक.

पुण्याची मुलगी उठून उभी राहिली. जमुनानं सरांच्या खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली आणि वर्गात कधी तोंड न उघडणारी ती मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“सर, हात मांगे!”

सरांनी मुकाट्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग ती वळली आणि चेंडू मारला.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये आता एक फोटो लावलाय. जमुना मधोमध, कप तिच्या दोन्ही हातांत. शेजारी मी, डोळे मिटलेले. पलीकडे सर. फोटोग्राफर तीनदा म्हणाला होता, “सर, कपाला एक हात लावा ना!” तरी फोटोत सरांचे दोन्ही हात मागेच आहेत.