कॉफीचा नसलेला डाग

सांबाराला न भिणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. म्हैसुरात कुणाचंही लग्न असो, मामांची नजर ताटापेक्षा पाहुण्यांच्या छातीवर असते. कुणाच्या रेशमी सदऱ्यावर तूप ओघळलं की यांचे डोळे चमकलेच. खिशात पावडरची पुडी, लिंबाची फोड आणि जुना टूथब्रश कायम. एकदा तर त्यांनी भर रिसेप्शनमधून नवरदेवालाच नळाखाली नेलं आणि त्याच्या शेरवानीवरची खीर काढून होईपर्यंत नवरी एकटीच आहेर घेत उभी राहिली. मामांची हयात कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. डाग घेऊन येणाऱ्याला ते आधी दटावतात, "काय सांडलं, केव्हा सांडलं, खरं सांगायचं. डॉक्टरला सांगता तसं!"

मी खरं सांगितलं नाही.

मामांचा मोतिया रंगाचा कोट आहे, स्वतःच्या लग्नात शिवलेला. मागेल त्या नातेवाइकाला ते तो देत. अट एकच : कोट अंगात असताना पंगतीला बसायचं नाही, उभ्यानं कॉफी चालेल. ऑफिसच्या समारंभासाठी मी तो नेला. पान मांडलं तेव्हा कोट काढायला हवा होता, पण आतल्या शर्टाची मी फक्त कॉलर आणि बाह्यांची टोकं इस्त्री केली होती. तसाच बसलो आणि वाढप्याच्या पळीतलं सारू, म्हणजे तिकडचं हळद घातलेलं सार, थेट छातीवर आलं. दोन आठवड्यांनी मामांच्या एकुलत्या एका मुलीचं रिसेप्शन होतं. मी कोट परत नेला आणि म्हणालो, "मामा, कॉफी सांडली."

त्यांनी विश्वास ठेवला. गार पाणी घेतलं, साबण लावला, आणि डाग कुंकवासारखा लालभडक झाला.

"अय्यो! जावईबापू, कॉफी लाल होत नाही. साबणानं हळद लाल होते, गोत्ता? ठाऊक आहे का?"

मी सगळं कबूल केलं, शर्टासकट. शर्टाचं ऐकून ते हसले. "इस्त्री तरी पुरी करायची की हो!" मग ओला कोट एका खुर्चीच्या पाठीवर चढवला.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर लिंबू आणि ऊन सुरू झालं. ऊन सरकेल तशी ते कोटाची खुर्ची सरकवत. ढग आला की आकाशाकडं अशा नजरेनं बघत, की तो बिचारा निघूनच जाई. मी रजा काढली आणि लिंबं पिळायला बसलो. मुलगी वर येऊन म्हणाली, "अप्पा, साकु, पुरे आता. नवा कोट घेऊ."

"कापड तुझ्या आईनं निवडलेलं," मामा मान वर न करता म्हणाले. "हा नसला तर ती कशी येणार तुझ्या लग्नाला?"

मामी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी आणखी एक लिंबू कापलं.

डाग फिका झाला, फिका होत गेला; पुरता काही गेला नाही. मामांनी तोच कोट घातला. रिसेप्शनच्या सगळ्या फोटोंत ते उजवा हात छातीवर ठेवून उभे आहेत. मुलाकडच्यांना वाटलं, केवढा विनयशील माणूस! फक्त शेवटच्या फोटोत, मुलगी निघताना, त्यांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आहे आणि कोटावरची पिवळट छटा स्पष्ट दिसते. मामांनी नेमका तोच फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला आहे. मी तिथं गेलो की खाली बघतो. मामा मात्र चहाचा कप हातात देऊन म्हणतात, "बघा हो जावईबापू, किती छान आलाय."