बाबांनी उन्हात धरलेली बाटली

आमचे बाबा पांढुर्ण्याला एका दवाखान्यात कंपाउंडर. उन्हाशी त्यांचं जुनं वैर. औषधाच्या बाटलीवर नुसती तिरीप पडलेली दिसली, तरी जेवणावरून उठायचे. मी बारावीत होते. पुढे नागपूरला बीएस्सी करायचं मी ठरवूनच टाकलं होतं. बाबा मात्र "पाहू" म्हणून विषय संपवायचे. सौंसरच्या विज्ञान प्रदर्शनात माझं काम पाहून तरी ते ऐकतील, एवढीच आशा होती.

गावाच्या नाल्या जाम नदीला मिळायच्या. आपण खाल्लेली औषधं लघवीवाटे त्या नाल्यांतून नदीत जातात; तिथं त्यांचं पुढं काय होतं, हा माझा प्रश्न. नदीचं पाणी दोन बाटल्यांत भरून त्यात बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या कुटून घातल्या, की पाणी पिवळंधम्मक व्हायचं. एक बाटली काळ्या कागदात गुंडाळायची, दुसरी उन्हात. उन्हातली फिकी पडते, हे मी घरी तीनदा पाहिलं होतं.

प्रदर्शनाला बाबाही आले. सकाळीच प्रदर्शनाच्या शाळेच्या अंगणात बाटली उन्हात ठेवून मी आत तक्ता टांगत बसले. परीक्षक सर आले तेव्हा आणायला गेले, तर बाटली जागेवर नाही! निघाली ती टेबलाखाली, बाबांच्या पिशवीआड, जशीच्या तशी पिवळी.

"मीच ठेवली," बाबा म्हणाले. "औषध उन्हात तापून राहिलं होतं ना, पोरी. खराब होते नं!"

"खराबच तर करायचं होतं, बाबा!" मी सगळ्यांदेखत ओरडले. ओरडल्याचं लगेच वाईटही वाटलं.

सर हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी बाटली उचलली. "साहेब, बाकीचं पाहून घ्या तवरिक. मी धरतो."

तासाभराहून जास्त वेळ ते हात बदलत अंगणात उभे होते. मी पाणी घेऊन गेले, तर म्हणाले, "तू सावलीत थांब." आणि मग एकदम त्यांचाच आवाज आला, "गेलं! अवं, पाहा, रंग गेला!" अख्खी शाळा गोळा झाली.

सरांनी दोन्ही बाटल्या शेजारी धरून पाहिल्या. "सगळीच औषधं अशी उन्हानं जातात का?"

"माहीत नाही, सर," मी पुटपुटले. झालं, सगळं पाण्यात गेलं, असं वाटलं.

"म्हणून तं तिले नागपूरले शिकायले पाठवून राहिलो, साहेब," मागून बाबा म्हणाले.

मलाही हे तेव्हाच कळलं. मी सरांसमोरच आनंदानं रडायला लागले.