पाथकाका

पाथकाका स्वतःच्या मशीनवरही विश्वास ठेवत नसत. सकाळी ऑफिसात आले की डबा ठेवायच्या आधी ते कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडत, ‘जावा होम’ आणि ‘पाथ’ या पत्त्यांमध्ये काय लिहिलंय ते मशीनला विचारत आणि पडद्यावर आलेलं उत्तर बोट ठेवून मोठ्यानं वाचत. झाशीतल्या इलाइट चौराह्याजवळच्या आमच्या छोट्या कंपनीत बाकी सगळे हिंदी बोलणारे. ते हसायचे. हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

काका झाशीच्या जुन्या मराठी घरातले. माझे वडील फौजेतले, जवळच्या बबिना छावणीत बदलून आलेले. मराठी बोलायला माणूस मिळालं म्हणून काकांनी मला शेजारी बसवून घेतलं. “अगं, कॉम्प्युटर शहाणा नसतो,” ते सांगत. “आपले प्रोग्राम जिच्यावर चालतात ती जावा कुठं राहते, तो पत्ता आपण द्यायचा. चुकीचा दिलास तर तो दुसऱ्याच्या घरी जाऊन जेवून येईल, नि तुला सांगणारही नाही.”

ग्राहकांना पाठवायचे प्रोग्राम एकाच मशीनवर तयार होत. ते मशीन काकांच्या ताब्यात होतं. “काही करून बघायचं तर पत्ता तुझ्या खिडकीपुरता बदल,” ते मला बजावत. “खिडकी मिटली की बदलही गेला. अख्ख्या मशीनचा बदलू नकोस, बाई.”

काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा काका त्यांना डायलिसिसला नेत. अशाच एका सकाळी मी त्या मशीनवर नवी जावा बसवली आणि दरवेळी टाइप करायचा कंटाळा म्हणून अख्ख्या मशीनचाच पत्ता बदलला. पुन्हा पहिल्यासारखा करायचा राहून गेला.

दुपारी काका दवाखान्यातून थेट ऑफिसात आले. मालक डोक्यावर उभे. “भैया जी, आज ही भेजना है।” त्या एका दिवशी काकांनी मशीनला काही विचारलं नाही. प्रोग्राम विनातक्रार तयार झाला, तिथंच चालवून पाहिला तर चाललाही. त्यातच घात झाला. ग्राहकांकडे जावा जुनी होती, आणि नव्या जावावर बनलेला प्रोग्राम जुनीवर चालत नाही.

दुसऱ्या दिवशी गरौठ्याच्या एका दवाखान्यात आम्ही पाठवलेला औषधवाटपाचा प्रोग्राम उघडेना. खेड्यांतून आलेली माणसं दुपारपर्यंत उन्हात उभी राहिली. एक म्हातारी चक्कर येऊन पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं तिचं.

मालकांनी काकांना आत बोलावलं. मी उठायला हवं होतं. मी जागेवरच बसून राहिले. काका बाहेर आले, डबा उचलला आणि कुणाकडे न बघता जिना उतरून गेले. अकरा वर्षांची नोकरी होती.

नगरा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी मी दोनदा गेले आणि चहा पिऊन परत आले. तिसऱ्यांदा, काकू आत चहा करत असताना, कसंबसं म्हटलं, “काका, ते मी केलं होतं.”

“ठाऊक आहे. नवी जावा कुणाच्या लॉगिनवरून बसली, ते दिसतं मशीनवर.”

“मग माझं नाव का नाही सांगितलंत?”

“सांगितलं की. नोकरी हवी होती मला. मालक म्हणाले, लड़की नई है, मशीन आपकी थी।” मग म्हणाले, “खोटं नव्हते बोलले. मी बघितलं नाही त्या दिवशी.”

त्यांनी मला पाठीशी घातलं, असं मी इतके दिवस धरून चालले होते. त्या समजुतीवरच मला झोप येत होती.

चहा झाला. काका फाटकापर्यंत आले. “आता येत जाऊ नकोस,” ते हळूच म्हणाले. “मला राग आहे, पण म्हणून नव्हे. तू दारात दिसलीस की हिला वाटतं, ऑफिसातून बोलावणं आलं. मग दोन दिवस माझा शर्ट इस्त्री करून ठेवते.”

मी पुन्हा गेले नाही. काकू दिवाळीआधी गेल्या, काका पुढच्या उन्हाळ्यात. दोन्ही वेळा मला उशिरा कळलं.