फिटरचा उलटा हात

फिटर नावेच्या तापलेल्या मोटारीला कधी तळहात लावायचा नाही. हात उलटा करायचा, बोटांची पाठ टेकवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो. म्हटलं, आरती चाललीय काय मोटारीची? तो म्हणाला, "तळहाताला घट्टे पडलेत, दादा. त्याला काय कळत नाय. हाताची पाठ खरं सांगती." मग डोळे उघडून म्हणायचा, "डोकं तापलंय, पाय गार हायेत. म्हंजे पाणी वर चढत नाय." आणि ते तसंच निघायचं. मला या माणसाचा राग यायचा. आज मी त्याच्यावर लिहायला बसलोय. चौथी शिकलेला माणूस आहे मी, गोड करून लिहिता येत नाही.

धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या वाड्यांतली कोथिंबीर, मेथी, झेंडू मी नावेनं अलीकडे आणायचो. अलीकडे टेम्पो उभा असायचा, तो माल नाशिकच्या बाजारात न्यायचा. नावेच्या मागं टांगायची मोटार मी मुंबईच्या भंगारातून आणली होती. आधी ती खाऱ्या पाण्यात किती वर्षं राबली, देव जाणे. दोन वर्षं बरी चालली आणि मग तापायला लागली. भर पाण्यात बंद पडायची. उन्हात कोथिंबीर माना टाकायची, पलीकडचे शेतकरी काठावरून माझ्या नावानं ओरडायचे.

तेव्हा कुणीतरी फिटरला घेऊन आलं. तो हरसूलकडचा, शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करत गावोगाव हिंडायचा. जुन्या पँटच्या पायाची शिवलेली पिशवी, तीत पाने, पकड आणि सायकलच्या चाकाची एक तार. नाव काहीतरी होतं, पण सगळे फिटरच म्हणायचे.

त्याची एक रीत होती. तापलेल्या मोटारीवर तो पाणी ओतू द्यायचा नाही. मी बादली घेऊन धावलो की माझा हात धरायचा. "तडकंल ना! तिला दम घेऊ दे. बस जरा." मोटार निवायला तासभर लागायचा. तो तासभर तो आमच्या झोपडीच्या ओट्यावर बसायचा आणि माझी बायको त्याला चहा करायची. आलं घालून, कान असलेल्या कपात. मला स्टीलचा पेला. कानाचा कप आमच्या घरात एकच होता.

ती त्याला फिटरभाऊ म्हणायची. भाऊ म्हटल्यावर माझं जळणं थांबायला पाहिजे होतं. थांबलं नाही. माझ्याशी ती मिरच्या आणि रॉकेलवर बोलायची. त्याला मात्र विचारायची, "मोटारीला पाणी कशाला लागतं हो? ती तर पाण्यातच बुडालेली असते." मला हे कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी म्हटलं असतं, तुला काय करायचंय.

त्यानं तिला समजावून सांगितलं. खाली जाळी असते, तिथून मोटार धरणाचं पाणी आत घेते. आत एक रबरी फिरकी असते, ती पाणी वर ढकलते. पाणी मोटारीच्या अंगात फिरून मागच्या भोकातून बारीक पिचकारीसारखं बाहेर पडतं. "वहिनी, तुमी फक्त ती धार बघायची. धार चांगली, तर मोटार चांगली. धार बारीक झाली का आधी बंद करायची, मंग बाहेरून आत बघत जायचं. जाळी, भोक, फिरकी. दादा पहिलं डोकं खोलतो. डोकं शेवटी."

झालं. त्या दिवसापासून ती मागच्या फळीवर मोटारीकडे तोंड करून बसायला लागली. "अहो, धार बारीक झाली." दिवसातून चारदा. बरोबर असायची, म्हणून जास्त टोचायचं.

मग मी माझी अक्कल चालवली. जाळीत शेवाळ अडकायचं, म्हणून मी कांद्याच्या गोणीचा तुकडा कापला आणि दुहेरी करून जाळीवर सुतळीनं आवळला. चार दिवस काही अडकलं नाही. बायकोला म्हटलं, "बघ, तुझ्या फिटरला हे सुचलं नाही." ती म्हणाली, "बरं केलंत." तेवढंच.

पाचवा दिवस म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. नावेत झेंडूचा ढीग, बसायला जागा नाही. निम्म्या पाण्यात ती म्हणाली, "अहो, धार बारीक झाली." मी ऐकलं नाही. "अहो, धार तुटली. बंद करा." मी म्हटलं, "नाव कोण चालवतंय? तू का तुझा फिटर?" थोड्या वेळानं जळक्या रबराचा वास आला आणि मोटार जागच्या जागी आवळून बंद पडली. वल्ह्यानं काठाला आलो तोवर टेम्पो निघून गेला होता. दसऱ्याचा झेंडू दसऱ्यानंतर कोण घेतो? माणसं मला काय काय बोलली ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी फिटर आला. काठावर लोक जमले होते, बायको माझ्या शेजारी उभी. त्यानं वाकून मोटारीखाली हात घातला. मी बघत होतो. गाळ बसून गोणीचा तुकडा चिखलाच्या पोळीसारखा झाला होता. त्यानं एका हिसक्यात सुतळी कापली, तुकडा मुठीत चुरगाळला आणि खिशात घातला. पाठीमागच्या कुणाला काही दिसलं नाही. मग फिरकी काढून सगळ्यांना दाखवली, जळालेली, दोन पाती तुटलेली. "फिरकी जुनी होती. कुनाच्या हातात नव्हतं." तुटलेली दोन पाती आतल्या वाटेत अडकली होती, ती मिळेपर्यंत तारेनं कोरत बसला. मोटार जगली.

त्यानं माझी लाज राखली. मला त्याचा त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा कधी आला नाही. बायकोला खरं ठाऊक होतं. गोणी तिच्यासमोरच बांधली होती मी. तिनं त्याला चहा दिला.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मोटार म्हातारी, आम्हीही तसेच. एकदा फिटर फिरकी बदलायला आला. बायकोनं कप पुढं केला, घेताना त्याच्या बोटांची पाठ तिच्या हाताला लागली. त्यानं कप खाली ठेवला. "वहिनी, ताप हाय तुमाला." ती हसली. "चुलीपुढं बसलेय, हात गरम नसणार का?"

नावेजवळ येऊन तो मला हळूच म्हणाला, "दादा, वहिनीला दवाखान्यात ने. ताप आजचा नाय वाटत. चेहरा बघ, किती उतरलाय."

पंचवीस वर्षं जी बाई माझ्या शेजारी झोपत होती, तिचा ताप याला चहाच्या कपावरून कळला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तू मोटार बघ. माझी बायको मी बघतो."

आणि बघितली नाही. ती म्हणायची, दमणूक आहे. मी म्हणायचो, असेल. खरं सांगतो, मलाही दिसत होतं. पण नेली असती तर फिटरचं ऐकून नेली असं झालं असतं. दोन महिने गेले. नाशिकला नेली तेव्हा दोन्ही किडन्या संपल्या होत्या. डॉक्टरनं एकच विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

दहाव्याला फिटर हरसूलच्या एसटीनं आला. घाटाच्या पायरीवर बसून पोरासारखा मोठ्यानं रडला. उलट्या हातानं डोळे पुसायचा आणि पुन्हा रडायचा. मी कोरडा. तो आता बोलेल, 'सांगितलं होतं तुला', म्हणून मी वाट बघत होतो. बोलेना. शेवटी मीच म्हटलं, "फिटर, बोल की एकदा. माझ्यामुळं गेली ती."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग आजूबाजूला बसलेल्या पाहुण्यांकडे बघितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दुखणं जुनं होतं, दादा. कुनाच्या हातात नव्हतं."

तोच आवाज. गोणीचा तुकडा खिशात घालून लोकांशी बोलला होता, तोच.

पुढं पलीकडच्या वाड्यांना रस्ता झाला, नाव काठावर पडली, मोटार पुन्हा भंगारात गेली. फिटरही गेल्याचं हरसूलकडच्या एका माणसानं सांगितलं. कानाचा कप अजून घरात आहे. मी पेल्यातच पितो.

त्याच्या हाताचा मला हेवा होता, तिच्या हसण्याचा होता, त्या कपाचाही होता. ते सगळं वयाबरोबर निवलं. एक राहिलंय. तो घाटावर तिच्यासाठी मोकळा रडला. मी रडायला बसलो की तिचा आवाज येतो, अहो, धार तुटली, बंद करा. आणि मी पुसायच्या आधीच डोळे कोरडे होतात.