दोन क्रेटचं घर

कुत्र्याला पिंजरा प्लॅस्टिकचा घ्यावा की लोखंडी, असं मला कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. परवा एका मैत्रिणीने फोनवर विचारलं. मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारीने फोनच ठेवून दिला. तिची काही चूक नव्हती.

माझे वडील, आण्णा, खंडाळ्याला एकटे राहतात. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे बोलणं कमी आणि शिस्त फार. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांची कुत्री तीन महिन्यांसाठी माझ्या सासरी, तासगावला आली. मांजरापेक्षा जेमतेम मोठी, तांबडी, सारखी पायात घुटमळणारी. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. आण्णा तिला माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "जशी देतोय तशी परत पायजे."

आमच्याकडे नेमका बेदाण्याचा हंगाम. घर आणि द्राक्षं सुकवायची शेड एकाच आवारात. कुत्रीला लस टोचायला सांगलीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेड आहे तुमची? मग हिला जपा. द्राक्षं, बेदाणे कुत्र्यांना विषासारखे असतात. एवढ्याशा कुत्रीला मूठभरसुद्धा भारी पडतील. हंगाम संपेपर्यंत पिंजऱ्यात ठेवा."

घरी येऊन हे सांगितलं तर धाकटे दीर पोट धरून हसले. "आवं वहिनी, आमच्या शेडातली कुत्री जलमभर बेदाणं खात्यात. एक तरी मेलं का आजवर?" या माणसाला जगातलं सगळं आधीपासूनच माहीत असतं. डॉक्टर शिकून येतात ते बहुधा ह्यांची करमणूक करायला.

आण्णांनी फोनवर निकाल दिला, "लोखंडी घे. धुता येतो, कुरतडता येत न्हाई." म्हणून कुत्रीला घेऊन माधवनगरला एका वेल्डिंगवाल्याकडे गेले. खिडक्यांच्या जाळ्या करणारा माणूस. त्याने कुणासाठी तरी केलेला पिंजरा उन्हात ठेवला होता. गजाला हात लावला तर चटका बसला. त्याने कडी खाडकन लावून दाखवली आणि कुत्री माझ्या साडीमागे लपली. मला तो तुरुंग वाटला. मी ठरवून टाकलं, प्लॅस्टिकच.

"प्लॅस्टिकच पायजे न्हवं? मग इकत कशाला आणताय?" दीर म्हणाले. "शेडात क्रेटचा ढीग पडलाय."

आमच्याकडे हे असंच चालतं. क्रेटवर बसतात, क्रेटखाली कोंबडी डालतात, क्रेट उपडा घालून त्यावर टीव्ही ठेवतात. दिरांनी एका क्रेटवर दुसरा उपडा घातला, तारेने आवळला, एका बाजूला दार कापलं. "पाईपानं चांगला धुतलाय," म्हणाले. मी दारातून हात घालून आत गोणपाट अंथरलं. मला कौतुकच वाटलं. हलकं, हवेशीर, सावलीत कुठेही उचलून ठेवावं असं घर. आत वाकून बघावं एवढंसुद्धा मला सुचलं नाही, ह्याचा मला आज दिरांपेक्षा जास्त राग आहे.

कुत्री आपणहून आत गेली. माधवनगरला कापणारी ती, इथे आत बसून जाळी चाटायला लागली. किती खूश आहे बघा, म्हणून मी फोटो काढून आण्णांना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला.

"आत काय चाटतीय ती?"

"लाडात आलीय, आण्णा."

"लाडात आल्यावर माणसाला चाटत्यात, क्रेटला न्हाई. बघ जरा."

मी चिडले. म्हटलं, तुम्ही तिथं पडल्या पडल्या खुसपटं काढू नका, मी तिला नीट सांभाळतेय. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती ओकायला लागली. तिसऱ्या दिवशी पाण्याला तोंड लावेना. पुन्हा सांगली, सलाइन, रक्ताची तपासणी. डॉक्टरीणबाई परत परत विचारत होत्या, काय खाल्लं. मी परत परत ठणकावून सांगत होते, काही नाही, पिंजऱ्यातच होती. तिच्या किडन्या गेल्या होत्या. चार दिवस ती लढली आणि पाचव्या दिवशी सकाळी गेली.

घरी आले आणि गोणपाट उचललं. तळ लख्ख होता. शेजारच्या ढिगातला एक क्रेट उलटा करून पाहिला. त्याच्या कोपऱ्यांत गेल्या वर्षीच्या खराब बेदाण्याचा काळा, चिकट थर बोटभर जाड बसला होता. पाईपाच्या पाण्याने तो निघणं शक्यच नव्हतं.

दीर मागून डोकावले. "एवढ्याशानं मरतंय व्हय कुत्रं?"

हातातला क्रेट मी त्यांच्या अंगावर फेकला. नडगीला लागला. सासूबाई ओरडत आल्या, कुत्र्यापायी घरच्या माणसाला मारतेस म्हणून. मी माफी मागितली नाही, मागणारही नाही. ते अजून लंगडत असते तरी मागितली नसती. पण फेकून काय झालं? दोन दिवसांनी शेडवर पाहिलं तर ते सगळे क्रेट पुन्हा बेदाण्याने भरलेले.

आण्णांना मी फोनवर सगळं सांगितलं. गोणपाट, थर, सगळं. ते ओरडतील, शिव्या देतील, याची मी वाट पाहत होते. ते ओरडले असते तर मला उलटून भांडता आलं असतं. 

ते म्हणाले, "फोनातला तेवढा फोटो मला पुसता येत न्हाई. आलीस की पुसून दे."

आठवड्याने खंडाळ्याला गेले. ते खाटेवर पाय लांब करून बसले होते. त्यांनी फोन पुढे केला. मी फोटो मोठा करून पाहिला. कुत्रीने पंजाने गोणपाट कोपऱ्यातून मागे सारलं होतं, आणि तिच्या जिभेखाली तो काळा थर स्वच्छ दिसत होता.

मी फोटो पुसला.

"झालं का?" आण्णांनी विचारलं.

झालं, म्हटलं.