गाडी लागली

माझ्या घरमालकीण हौसाक्का परगावाहून आलेल्या माणसाला कधी ‘कसं काय’ असं विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “तितलं पानी कसं हाय?” दुसरा, “जेवान पचलं का?” आणि तिसरा, आवाज जरा खाली आणून, “सकाळच्याला सोय कशी हुती?” देवळं, राजवाडे, बाजारपेठा यांच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. आमच्या गल्लीतले शंकरअण्णा काशी करून आले तेव्हा सगळी गल्ली त्यांच्या पाया पडायला लोटली. आक्काही पडल्या. अण्णांनी आशीर्वादाचा हात वर केला, तो खाली यायच्या आत आक्कांनी तिसरा प्रश्न विचारला. अण्णा बिचारे पुण्याईच्या भरात होते. उत्तर त्यांनी दिलं, पण गंगाजल वाटताना आक्कांच्या तळहातावर थेंबभर कमीच पडलं अशी माझी खात्री आहे.

मी मूळची साताऱ्याची. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हा मला इस्लामपुरात मुलींच्या शाळेत नोकरी लागली. ट्रंक आणि वळकटी घेऊन मी आक्कांच्या दारात उभी राहिले ती पिवळ्या पडलेल्या चेहऱ्यानं. या ठेंगण्या, काटक बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“उपाशी पोटी च्या घिऊन निघालीस,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आन गाडीत वाचत बसलीस.”

“मासिक होतं हातात.”

“मग गाडीनं बिचारीनं काय करायचं, तूच सांग.”

एवढं बोलून त्यांनी आल्याचा तुकडा मिठाला लावून माझ्या हातावर ठेवला. भाड्याची, खोलीची, नावागावाची बोलणी त्यानंतर झाली. त्या दिवसापासून मी त्यांची ‘मास्तरीण’ झाले ती कायमची.

आक्कांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा तानाजी फौजेत, मुलगी सुमन लग्न होऊन कवठे महांकाळला. थोडा ऊस होता, तो पुतणे बघत. आक्कांपाशी वेळ भरपूर होता आणि तो सगळा त्यांनी लोकांच्या तब्येतीला वाहिलेला होता. गल्लीतलं कुणीही गावाला निघालं की आधी त्यांच्या उंबऱ्यावर थांबे. तिथं त्याला आल्याच्या वड्यांची पुडी, एक लिंबू, एक कांदा आणि पदराला बांधता येणार नाही एवढा सल्ला मिळे.

“अर्ध्या पोटानं बसायचं. भरल्या पोटाला रस्त्यातला परत्येक खड्डा कळतो, उपाशी पोटाला तर दोनदा कळतो.” “जवळची झाडं बघू नगंस, ती पळत्यात. लांबचा डोंगर बघ, त्यो जाग्यावर असतोय.” “पायताण सैल घाल, बसून बसून पाय फुगत्यात.” आणि कांद्याचं मोठं शास्त्र होतं. “नव्या गावात पाय टाकला की पैल्यांदा तितला कांदा खायाचा. गावाचं पानी आन आपलं पोट, ह्येंची सोयरीक कांदाच जमवतो.”

घरी बसलेल्यांचीही सुटका नसे. शाळेत ओरडून माझा घसा बसला की मिठाच्या गरम पाण्याचा तांब्या माझ्या दाराशी येऊन बसलेला असे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की त्या घरोघर फिरून सांगत, “फडक्यानं गाळलं की कचरा जातोय, उकळलं की दुखनं जातंय.” एकदा मी घरच्या पत्रावरून रुसून न जेवता पडून राहिले होते. आक्कांनी ताट आणून समोर ठेवलं. “रुसायचं तर जेवून रूस, पोरी. उपाशी रुसवा लय दिस टिकतोय.” मी जेवले, आणि खरंच, भाकरी संपेपर्यंत कशावरून रुसले होते ते मलाच धड सांगता येईना.

परत आलेल्या प्रवाशाची मात्र उलटतपासणी होई. वडी गाडी सुटायच्या आधी खाल्लीस की नंतर? कुठवर मळमळलं नाही? पेठ नाक्यापर्यंत की कऱ्हाडपर्यंत? उत्तर ऐकून त्या मान हलवत आणि पुढच्या खेपेच्या वड्यांत आलं वाढे, गूळ कमी होई. तानाजी रजेवर आला की आगगाडीतल्या पाण्याचा हिशेब त्यालाही चुकत नसे. बाई लेकाच्या मागनं अर्धा हिंदुस्थान फिरलेली असणार असं मी धरून चालले होते. शाळेतल्या बायकांना मी तसं सांगतही असे.

फक्त एका गोष्टीचं नवल वाटे. सुमनच्या लग्नाला दोन-अडीच वर्षं झाली तरी आक्का तिच्या घरी एकदाही गेल्या नव्हत्या. विचारलं की त्यांचं उत्तर तयार असे. “आमच्यात लेकीला मूल हुईस्तवर तिच्या घरचं पानी पीत न्हाईत. मग तिच्या दारात जाऊन काय कोरडी बसू?” रीत जुनी होती, गल्लीला मान्य होती. पुढं सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगा झाला आणि यथाकाल ती बाळाला घेऊन परत गेली. आता पाणी प्यायला आडकाठी राहिली नव्हती. तरी आक्का हलेनात. कधी ऊसतोड आली, कधी पापड आले, कधी नुसताच “बघू” आला.

मग एके दिवशी जावई स्वतः बोलवायला आले. उंच, मितभाषी माणूस. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विषय काढला.

“आत्याबाई, जावळ काढायचंय. आमच्यात मामाच्या मांडीवर बसवून काढत्यात. तानाजीला रजा गावत न्हाई, ठाव हाय मला. पर म्हायेरचं कुनीतरी पायजेच. तुमी न्हाई आला तर बाया सुमीला बोलून घ्येत्याल. आत्ताच म्हंत्यात, हिला म्हायेर हाय का न्हाई कुनास ठाव.”

“येते की,” आक्का म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा काही वेगळंच सांगत होता.

जावई गेले आणि आक्का चुलीपाशी बसून राहिल्या. दुपारची भाकरी तशीच होती. दुसऱ्यांना आधी जेवायला लावणारी बाई न जेवता बसलेली पाहून मला काळजी वाटली. मी जवळ जाऊन बसले.

“सुमनच्या सासरच्यांनी काही दुखवलंय का तुम्हाला?”

“त्येंनी कशापायी दुखवावं? देवमानसं हायती.” त्यांनी चुलीतली राख उगीच सारखी केली. “मास्तरीण, मला गाडी लागती.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. नवी नवरी असताना मालक त्यांना गणपतीला सांगलीला घेऊन निघाले होते. आष्ट्याच्या अलीकडं आक्का पुढच्या बाकावरच्या पाहुण्याच्या धोतरावर ओकल्या. पाहुणा तालेवार होता आणि धोतर त्या दिवशीच कोरं नेसला होता. मालकांनी भर स्टँडवर ते धुऊन दिलं. परतीला बैलगाडी केली. त्यानंतर आक्का यष्टीची पायरी चढल्या नव्हत्या.

“मग त्या वड्या? तो लांबचा डोंगर?”

“तुमी खाऊन बघत हुतासा की. एकाला जरी पुरती लागू पडली तर मला बी पडंल, असं म्हनत हुते.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “कुनालाच पडली न्हाई पुरती.”

मला हसू आवरेना. म्हणजे सबंध गल्ली इतकी वर्षं या बाईसाठी आलं चघळत हिंडत होती. माझं हसणं पाहून आक्काही हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. “पोरीला लोक बोलत्यात गं,” त्या म्हणाल्या. मी त्यांना भाकरी वाढली आणि सुट्टी काढून बरोबर येते म्हणून सांगितलं.

जावळाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही स्टँडवर उभ्या होतो. “सांगली गाडी लागली,” कुणीतरी ओरडलं.

“मला बी,” आक्का म्हणाल्या आणि डोळे मिटून पायरी चढल्या.

आम्ही पुढचं बाक धरलं. आक्कांनी स्वतःचा एकही नियम मोडला नाही. तोंडात वडी, नाकाशी लिंबू, मुठीत कांदा, पायात सैल चपला. लांबचा डोंगर बघायचा तेवढा राहिला, कारण रस्त्याच्या दोन्ही अंगाला पुरुषभर उंचीचा ऊस होता आणि डोंगर असलाच तर त्याच्या पलीकडं होता. थोड्या वेळानं आक्कांचा रंग उतरू लागला. गाडीतल्या लोकांना ते लगेच कळलं. कंडक्टर म्हणाला, “मावशी, खिडकीकडं सरा.” एका बाईनं कपाळाला ओलं फडकं लावायला सांगितलं. मागच्या बाकावरचे पटकेवाले म्हातारबा पुढं वाकून म्हणाले, “आवं, आल्याची वडी ठिवा तोंडात. इस्लामपुरात एक बाई लय झ्याक करती.”

आक्कांनी त्यांच्याकडं मान वळवून एकदा बघितलं. मग घाईनं खिडकीबाहेर मान काढली.

आष्ट्याला गाडी थांबली तशा त्या उतरल्या आणि स्टँडच्या पायरीवर बसल्या. “मी न्हाई येत. सुमीला सांग, म्हातारी आजारी हाय. खोटं बी न्हाई त्ये.”

कंडक्टर घड्याळ बघत होता. मी जे खरं होतं ते बोलून गेले. “परत जायचं तरी गाडीच की, आक्का. इथनं इस्लामपूर जेवढं, सांगलीही जवळजवळ तेवढीच.”

आक्कांनी आलेल्या रस्त्याकडं बघितलं. मग पुढच्या रस्त्याकडं बघितलं. हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता हे स्पष्ट दिसत होतं. शेजारच्या चहावाल्याकडनं पाण्याचा तांब्या मागून त्यांनी खळाखळा तोंड धुतलं, पदर खोचला आणि उठल्या.

“चल. वकायचंच हाय तर लेकीच्या वाटंला वकू.”

आणि त्या बोलल्या तसं वागल्या. सांगलीला गाडी बदलली, तिथंही त्यांनी शब्द पाळला. मिरज मागं पडलं, ऊस संपला, मोकळं माळरान आणि लांब टेकड्या दिसायला लागल्या, तेव्हा त्यांच्या पोटात ओकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कवठ्याच्या स्टँडवर त्यांनी आडोशाला जाऊन लुगडं बदललं, कपाळावर पाणी मारलं आणि लेकीच्या दारात उभ्या राहिल्या त्या अगदी ताठ.

भाकरतुकडा ओवाळून झाला. विहीणबाईंनी विचारलं, “परवास कसा झाला?”

“गुमान आले,” आक्का म्हणाल्या. मी भिंतीकडं बघत राहिले.

सुमन बाहेर आली. तिला आईची गोष्ट ठाऊक होती, माझ्याखेरीज जगात तिला एकटीलाच बहुधा. पाया पडायला वाकली तेव्हा तिनं हळूच विचारलं, “आये, कितींदा?”

“इचारू नगंस.”

सुमन तशीच आईच्या गळ्यात पडून रडली. मग आत जाऊन तांब्याभांडं घेऊन आली. आक्का भांडंभर पाणी प्यायल्या, क्षणभर जीभ फिरवून म्हणाल्या, “मचूळ हाय. पर ग्वाड लागलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जावळाची तयारी झाली. न्हावी येऊन बसला. तेवढ्यात घरातल्या एका थोरल्या चुलतीनं शंका काढली. मामा नाही, मग मांडी कुणाची? भावकीतला कुणी मानलेला मामा बसवावा म्हणजे रीत मोडणार नाही. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. दाराशी उभ्या असलेल्या सुमनचं तोंड एवढंसं झालं. माहेर आहे की नाही हा प्रश्न पुन्हा अंगणात येऊन उभा राहिला होता.

आक्का पाटावर जाऊन बसल्या आणि त्यांनी नातवाला उचलून घेतलं.

“मामा ह्याच मांडीवर ल्हानाचा मोटा झाला,” त्या म्हणाल्या. “मामाची मांडी म्हंत्यात ती तरी कुटनं आली?”

विहीणबाई आधी हसल्या, मग सगळ्याच हसल्या. न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुडवला आणि पोरानं भोकाड पसरलं. सुमन दारात उभी होती ती पुढं आली आणि सगळ्या बायकांच्या मधोमध आईशेजारी बसली. मी तिला इतकी निवांत कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी त्याच चुलतीला आक्का अपचनावर ओवा कसा घ्यायचा ते सांगत होत्या.

पुढं आक्का सणावाराला कवठ्याला जायला लागल्या. दर खेपेला आष्ट्यापर्यंत त्यांची शोभा होई, आणि तो चहावाला गाडी दिसली की पाण्याचा तांब्या भरून ठेवी. वड्या करणं त्यांनी सोडलं नाही, सल्ला मात्र बदलला. “लागली तर लागू दे. जवळ एक फडकं ठेव, तोंड धू आन फुडं जा. पोटाचं ऐकत बसलीस तर मानसं कवा भेटत्याल?” मला वाटतं, त्यांच्या सगळ्या सल्ल्यांत हा एकच त्यांनी दुसऱ्याकडनं ऐकून घेतलेला नव्हता.

काही वर्षांनी माझी साताऱ्याला बदली झाली. आक्का स्टँडवर पोचवायला आल्या, माझ्याबरोबर गाडीत चढल्या आणि शेजारी बसल्या. घंटी वाजली तरी त्या उठेनात.

“आक्का, गाडी सुटली.”

“कळतंय मला,” असं म्हणून त्यांनी कंडक्टरकडं पेठ नाक्याचं तिकीट मागितलं.

नाक्यापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तोंड उघडायची सोयच नव्हती. माझा हात मात्र घट्ट धरून होत्या. नाक्याला उतरल्या, रस्त्याकडेला जाऊन बसल्या, चूळ भरली आणि तोंड पुसत माझ्या खिडकीशी आल्या.

“आता परत कशा जाणार तुम्ही?” मला रडू आवरत नव्हतं.

“चालत. यवडं तुज्यासाठी झालं. परतीचं कुनासाठी वकू?”

गाडी हलली. मी खिडकीतून वळून बघितलं, तर पदर डोक्यावरून घेऊन त्या इस्लामपूरच्या रस्त्याला लागल्याही होत्या.